थंडी सोसवते, ओल सोसवत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उन्हाळ्यात रोडबाइक घेतलीत, सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन-अडीच तास चालवता. आता शरद सरत आलाय, सकाळी पारा ५ ते १० अंशांच्या मध्ये असतो. गेल्या राइडला चांगलं जाड जॅकेट घालूनही परतताना बोटं बधिर झाली, ब्रेक नीट दाबता येईना, घरी आल्यावर तासभर हुडहुडी गेली नाही. वेगही पडलाय. मग वसंतापर्यंत सायकल भिंतीला टांगावी का, की आणखी जाड जॅकेट घ्यावं?

टांगू नका. आणखी जाड जॅकेटही घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुम्हाला घामाने गारठवलं, आणि तो घाम त्या जॅकेटनेच अंगाशी धरून ठेवला.

हिशोब असा आहे. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला पाव हिस्सा, बहुधा त्याहूनही थोडा कमी, पॅडलपर्यंत पोहोचतो. उरलेल्याची उष्णता होते. चढावर तुम्ही १५० वॉट देत असाल तर अंगात सुमारे ५०० वॉटची शेगडी पेटलेली असते. नुसते उभे राहिलात की ती शंभराच्या आसपास येते. राइडभर हे वर-खाली चालू असतं. चढावर शेगडी भडकलेली असते आणि वेग कमी म्हणून वारा लागत नाही, तेव्हा घाम फुटतो. माथ्यावर पॅडल थांबतात, शेगडी मंदावते, आणि नेमका त्याच वेळी ताशी ५० किलोमीटरचा वारा छातीवर येतो. ५ अंशांत ताशी २५ किलोमीटरचा वारा असला तरी उघड्या कातडीला शून्याजवळचा गारठा जाणवतो. अंगालगतचा कपडा भिजलेला असेल तर मग विचारायलाच नको; पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं.

पहिले दोन-तीन हिवाळे मीही जाडच कपडे घालत होतो. अशाच दिवसांतल्या एका सकाळी लांब चढ चढून वर पोहोचलो तेव्हा आतला सुती टी-शर्ट पिळला असता तर पाणी निघालं असतं. उतरताना तिसऱ्या वळणाशी मागचं चाक बसलं. एरवी सात-आठ मिनिटांचं काम. त्या दिवशी टायरची कड रिममधून निघेना, कारण अंगठ्यांत जोरच उरला नव्हता. व्हॉल्व्हची टोपी दातांनी काढली. सोबतच्या मित्राने स्वतःचं कोरडं जाकीट माझ्या अंगावर घातलं आणि ट्यूबही त्यानेच बदलली. एकटा असतो तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो. तेव्हापासून माझं सगळं नियोजन एका गोष्टीभोवती फिरतं: ओल्या अंगाने वाऱ्यात थांबायची वेळ येऊ द्यायची नाही.

कपड्यांचं म्हणाल तर सुरुवात आतून करा. बाहेरच्या जॅकेटवर लोक खूप खर्च करतात आणि आत जुना सुती टी-शर्ट घालतात. तिथेच सगळं फसतं. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. अंगाला चिकटून बसणारा पातळ बेस लेयर हवा, सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा. सिंथेटिक लवकर वाळतो, मेरिनो ओला झाला तरी ऊब देतो आणि वास धरत नाही. दोन-अडीच तासांच्या राइडला मी मेरिनो घालतो. त्यावर लांब बाह्यांची जर्सी, आणि त्यावर बिनबाह्यांचं वारा अडवणारं जाकीट. हे जाकीट मुठीत मावेल इतकं पातळ असतं. त्याची पुढची बाजू वारा अडवते, पाठ जाळीची असते, तिथून वाफ निघून जाते. माझ्याकडची एकच वस्तू ठेवायची झाली तर मी हेच ठेवीन. चढ लागला की जाकिटाची चेन, म्हणजे झिप, खाली, माथा यायच्या थोडं आधी वर. माथ्यावर पोहोचल्यावर नव्हे, आधी. कारण उतार सुरू झाल्यावर एका हाताने चेन ओढत बसणं धोक्याचं असतं. जाकीट विसरलात तर छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवा. मोठमोठे शर्यतपटू पर्वताच्या माथ्यावर हेच करत आले आहेत. कागद वारा अडवतो आणि घामही शोषतो.

घरातून निघताना पहिली दहा मिनिटं थोडं काकडायला झालं पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय, परत जाऊन काढून ठेवा. सुरुवातीला हे मनाला पटत नाही, मलाही पटत नव्हतं. पण कपडे निघतानाच्या अंगासाठी घालायचे नसतात, विसाव्या मिनिटाच्या अंगासाठी घालायचे असतात. बाह्या आणि गुडघे वेगळे झाकता येतात हे या ऋतूत फार सोयीचं आहे. सकाळी ६ अंश आणि परतताना १३ असेल तर आर्म वॉर्मर, म्हणजे वेगळ्या चढवायच्या बाह्या, खाली सरकवले की झालं. गुडघ्यांबाबत मात्र मी हट्टी आहे. १५ अंशांखाली गुडघे उघडे ठेवून मी कुणाला सोबत नेत नाही. मांडीसारखं मांस गुडघ्यावर नसतं, सांध्याला आतून ऊब कमी मिळते आणि वारा थेट त्याच्यावर येतो. १० अंशांखाली आतून फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापड, लावलेले पूर्ण लांबीचे टाइट्स घाला.

आता तुमच्या बोटांकडे येतो, कारण खरी तक्रार तिथली आहे. धड थंड पडायला लागलं की शरीर आतले अवयव जपण्यासाठी हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटं बधिर होणं ही पुष्कळदा छाती गारठल्याची खबर असते. म्हणून आधी छाती कोरडी आणि वाऱ्याआड ठेवा. निम्मं काम तिथेच होतं. मग हातमोजे. पूर्ण बोटांचे आणि वारा अडवणारे, पण आत बोटं हलतील इतके सैल. घट्ट मोज्यात रक्तही फिरत नाही आणि ऊब धरणारी हवाही राहत नाही. ५ अंशांखाली दोन-दोन बोटं एकत्र ठेवणारे, खेकड्याच्या नांगीसारखे मोजे मिळतात. ब्रेक आणि गिअर त्यातूनही दाबता येतात. नवे मोजे आधी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून तपासा. आणि हँडल आवळून धरू नका. थंडीत नकळत पकड घट्ट होते, तळहातातली नस दाबली जाते, आणि तो बधिरपणा आपण थंडीच्या खात्यावर लिहितो. दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला. एक हात हँडलवर ठेवून दुसरा खांद्यापासून खाली जोरात झुलवा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत जातं. रस्ता मोकळा असतानाच.

बधिर बोटांकडे दुर्लक्ष करू नका हेही सांगायला हवं. १९८० साली बेल्जियममधली लिएज-बास्तोन-लिएज ही सायकल शर्यत बर्फवृष्टीत झाली. १७४ जण निघाले, २१ जण शेवटपर्यंत पोहोचले. बर्नार इनो नऊ मिनिटांहून जास्त आघाडीने जिंकला, आणि त्याच्या दोन बोटांवर त्या दिवसाचा परिणाम पुढेही राहिला. तो जगातल्या सर्वांत कणखर सायकलपटूंपैकी एक होता आणि शर्यत जिंकणं हे त्याचं काम होतं. आपण आनंदासाठी चालवतो. बोटांत संवेदना उरली नाही तर थांबायचं, हात काखेत धरायचे, आणि जवळच्या रस्त्याने घरी वळायचं. थंडीत बोटं पांढरीफटक पडून मग निळसर, लालसर होत असतील आणि हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. काहींच्या रक्तवाहिन्या थंडीला जास्तच आवळतात, आणि त्यावर मोजे हा पूर्ण इलाज नसतो.

पायांची चूक बहुतेक सगळे एकच करतात: त्याच बुटात दोन जाड पायमोजे कोंबतात. बूट आवळतो, रक्त अडतं, पाय आणखी गार पडतो. एकच लोकरी पायमोजा घाला, बुटाची पट्टी एक घर सैल ठेवा आणि बुटावरून शू-कव्हर चढवा. उन्हाळी बुटांच्या तळव्याला हवेसाठी भोकं असतात, ती आतून चिकटपट्टीने बंद करा. क्लीटचे, म्हणजे बूट पॅडलला अडकवणाऱ्या तळाच्या पट्टीचे, धातूचे स्क्रूही गारवा आत नेतात. आतल्या पॅडखाली जाड कागद कापून घातला तरी फरक जाणवतो. हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी पुरते. जाड टोपीने हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, ते करू नका. चष्मा घाला, नाहीतर वाऱ्याने डोळ्यांत पाणी येऊन रस्ता धूसर दिसतो.

कपड्यांइतकाच फरक मार्गाने पडतो, आणि त्याला काही खर्च नाही. निघताना वारा तोंडावर घ्या, परतताना पाठीवर. उलट केलंत तर जाताना पाठीवरच्या वाऱ्यात भरपूर घाम काढाल आणि दमल्यावर त्याच ओल्या अंगाने समोरचा वारा खाल. तुमच्या गेल्या राइडला असंच झालं होतं का, आठवून पाहा. एकच मोठा चढ आणि मग लांबलचक उतार असा मार्ग या दिवसांत टाळा. लहान चढउतारांचा, घराभोवती फेऱ्या मारणारा मार्ग बरा. त्यात शेगडी सारखी तेवत राहते, आणि काही बिघडलं तर घर पाऊण तासाहून लांब नसतं. उतारावरही हलकं पॅडल मारत राहा. अंग थरथरायला लागलं की थरथर हँडलमध्ये उतरते आणि पुढचं चाक डुगडुगू शकतं. तसं झालं तर एक गुडघा फ्रेमच्या वरच्या दांडीला टेकवा, पकड सैल करा, ब्रेक हळूहळू दाबा.

पंक्चर झालं तर चाकाला हात लावण्याआधी खिशातलं जाकीट अंगावर चढवा. अंगात ऊब असते ती थांबल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं, आणि आपण ती पंप शोधण्यात घालवतो. शक्य असेल तर भिंतीच्या, झाडाच्या आडोशाला सायकल न्या. गारठलेल्या टायरची कड ताठर असते, म्हणून ती उचकटायचे लिव्हर दोन नव्हे, तीन ठेवा. टायर भरायला कार्बन डायऑक्साइडची नळी वापरत असाल तर गॅस सुटताना ती बर्फासारखी गार होते, उघड्या हाताने धरू नका. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ कोरड्या हातमोज्यांची एक जोडी असू द्या. माथ्यावर ओले मोजे काढून कोरडे घालण्यातलं सुख अनुभवल्याशिवाय कळत नाही.

रस्त्याबद्दल. या ऋतूतला रस्ता उन्हाळ्यातल्या रस्त्यापेक्षा वेगळा असतो आणि नव्या चालकाला ते पडल्यावरच समजतं. ओल्या पानांचा थर साबणासारखा निसरडा असतो, शिवाय खाली खड्डा आहे की दगड, ते दिसत नाही. पानांवर ना ब्रेक, ना वळण. सायकल सरळ उभी ठेवून तरंगत पार व्हायचं. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि रूळ यांनाही हाच नियम. गोठलेलं दव याहून फसवं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून हवेपेक्षा जास्त गार होते, म्हणून तापमापक ३ अंश दाखवत असताना रस्त्यावर दवाचं बर्फ झालेलं असू शकतं. पूल आधी गोठतो, कारण त्याला खालूनही वारा लागतो. सावलीतलं वळण ऊन आल्यावरही तासभर तसंच राहतं. रात्री आकाश निरभ्र होतं आणि पहाटे ३-४ अंश असतील तर मी उजाडल्यावर दोन तास थांबतो. उन्हाळ्यात आपण ऊन टाळायला पहाटे निघतो. ती सवय आता मोडा. ९ वाजता निघालेल्याला कोरडा रस्ता आणि उजेड दोन्ही मिळतात.

उजेडावरून आठवलं. या दिवसांत सूर्य बराच वेळ क्षितिजालगत असतो. ऊन तुमच्या डोळ्यांत येत असेल तर मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांत येत असतं, आणि तुम्ही त्याला दिसत नसता. तुमची लांब सावली पुढे पडली असेल तर समोरून येऊन आडवा वळणारा चालक आंधळा झालेला असतो. म्हणून मागचा दिवा दिवसाही लावा. भडक फ्लुरोसंट रंग दिवसा उपयोगी पडतो, अंधारात त्याचा उपयोग नाही. तेव्हा परावर्तक पट्टी लागते, आणि ती घोट्यावर असली तर सर्वांत चांगली, कारण वर-खाली हलणारी चमक पाहून समोरच्याला लगेच कळतं की हा सायकलवाला आहे. गारठ्यात दिव्याची बॅटरी लवकर उतरते हे धरून चाला, आणि फोन आतल्या खिशात ठेवा.

वेग पडल्याचं वाईट वाटून घेऊ नका. २० अंशांपेक्षा ५ अंशांची हवा सुमारे ५ टक्के दाट असते. तेवढा जास्त विरोध तुम्ही कापत असता. रबर गारठून ताठर झालेलं, कपडे फुगीर, टायरमध्ये हवाही कमी. घरात २० अंशांत ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर बाहेर ५ अंशांत ७५ च्या जवळ येतो. मी ती घट भरून काढत नाही. ओल्या रस्त्यावर दाब जरा कमी असलेला पकडीला चांगलाच असतो. फ्रेममध्ये बसत असतील तर २८ मिलिमीटर रुंदीचे टायर घाला. या दिवसांत मी वेगाकडे बघतच नाही; श्वासावर चालवतो, शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या जोराने. तेवढ्या जोरात घाम बेताचा येतो. थंड, कोरड्या हवेत छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर गळ्यातला बफ (नळीसारखा गळपट्टा) नाकातोंडावर ओढा आणि पहिली पंधरा मिनिटं अगदी हळू चालवा. शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा खोकला थांबत नसेल तर तपासून घ्या.

थंडीत तहान लागत नाही, लघवी मात्र जास्त होते. बाटली तशीच भरलेली परत येत असेल तर ते चुकतंय. बाटलीत कोमट पाणी भरा आणि दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. एनर्जी बार गारठून दगड होतो, तो जर्सीच्या मागच्या खिशात पाठीच्या ऊबेशी ठेवा. पोट रिकामं असलं की थंडी लवकर चढते.

एवढं मात्र पाठ असू द्या, स्वतःसाठी आणि सोबत्यासाठी. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की प्रश्न गंभीर होतो, आणि त्याची लक्षणं त्या माणसाला स्वतःला कळत नाहीत. जीभ अडखळते, वस्तू हातातून पडतात, तो चिडचिडा किंवा गप्प होतो, गिअर बदलायचं विसरतो. काकडणारा माणूस अजून झुंजतोय असं समजा. न काकडता सुस्त झालेल्या माणसाची राइड तिथेच संपली. त्याला आडोशाला न्या, ओलं काढून कोरडं घाला, मदत बोलवा.

घरी आल्यावर आधी ओले कपडे उतरवा, सायकल नंतर. बधिर बोटं एकदम कडकडीत पाण्यात घालू नका, चोळूही नका. कोमट पाण्यात ती हळूहळू जागी होऊ द्या. जागी होताना ठणकतील. मग सायकलवरचा चिखल पाण्याने धुऊन चेन पुसा आणि ओल्या हवेसाठीचं घट्ट तेल लावा, कारण उन्हाळ्यातलं पातळ तेल एका पावसात निघून जातं. मडगार्ड बसवले नसतील तर बसवा. मागच्या चाकाचं पाणी पाठीवर आणि बुडाखाली उडत असेल तर वर सांगितलेलं सगळं व्यर्थ आहे. टायरवरून बोट फिरवून रुतलेली काच शोधा. ओलं रबर सहज कापलं जातं, म्हणून या दिवसांत पंक्चर वाढतात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला, रात्रीतून वाळतील.

आणि एक वही ठेवा. निघताना तापमान किती, वारा किती, अंगात काय काय घातलं होतं, कुठे गार वाटलं, कुठे घाम आला. प्रत्येकाच्या अंगाची शेगडी निराळी असते. माझ्या ६ अंशांच्या कपड्यांत तुम्ही कदाचित काकडाल किंवा उकडाल. पाच-सहा राइडनंतर वहीतून तुमचं स्वतःचं कोष्टक तयार होईल. पुढच्या राइडला ते जाड जॅकेट घरी ठेवा, लोकरीचा बेस लेयर आणि वाऱ्याचं जाकीट घाला, वारा तोंडावर घेऊन दीड तासाचीच फेरी मारा, आणि परतल्यावर सर्वांत आधी आतला कपडा हाताने चाचपून बघा. कोरडा असेल तर पुढच्या वेळी अर्धा तास वाढवा.